साडी कुठल्या रंगाची होती, हे आत्ताच विचारून ठेवा



पोस्ट मोठी आहे. चहा ठेवा, मुलं झोपली असतील तर उत्तमच, आणि मग सावकाश वाचा. विषय कपड्यांचा आहे, पण नुसता कपड्यांचा नाही.

आमची लेक आता सोळाची. हॅलिफॅक्सला आलो तेव्हा पाचची होती. गेल्या जानेवारीत एका शनिवारी ती मैत्रिणीबरोबर सेकंडहँड कपड्यांच्या दुकानात गेली आणि एक जुना लोकरीचा कोट घेऊन आली. गुडघ्यापर्यंत लांब, मोठी कॉलर, मोठी बटणं, आतलं अस्तर एका ठिकाणी उसवलेलं. अठरा डॉलर. तिला इतका आनंद झाला होता की बूटसुद्धा न काढता ती आरशासमोर उभी राहिली.

आणि मी काय म्हटलं? "शी, कुणाच्या अंगावरचा आहे कोण जाणे! मेलेल्या माणसाचासुद्धा असेल."

ती शांतपणे म्हणाली, "असेल की. मग चांगलंच आहे ना, परत कुणीतरी घालतंय."

मला उत्तर सुचलं नाही. पण नाक मुरडायचं ते मी मुरडलंच. आपल्यापैकी अनेकांचं हेच होतं, हो ना? आपण इथे येऊन नवं घर, नवी गाडी, नवं सगळं घेण्यासाठी इतकी वर्षं राबलो. आणि मुलं जातात आणि कुणाचे तरी उतरलेले कपडे पैसे देऊन आणतात. आपल्या घरी जुने कपडे बाहेर जायचे, आत नाही यायचे. दुपारी बोहारीण यायची, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, आणि आई दारात बसून घासाघीस करायची. चार साड्या, दोन पँटी आणि वर एक शर्ट, तेव्हा कुठे एक पातेलं. माझ्या आईचा अर्धा संसार त्या भांड्यांवर चालला. त्या साड्या पुढे कुठे गेल्या, याचा विचार आमच्या मनात कधीच आला नाही.

रात्री लेकीनेच मला फोनवर दाखवलं की हे वेड आलं कुठून. इन्स्टाग्राम आणि पिंटरेस्टवर तिने शेकडो फोटो साठवून ठेवलेत. १९४०, ५०, ६०, ७०ची दशकं. कुणीतरी आपल्या आजीचा फोटो टाकलाय, कुणी रस्त्यावरच्या बाजारात सापडलेला अनोळखी फोटो टाकलाय. खाली चर्चा चाललेली असते. ही कॉलर अमुक सालच्या आधीची नाही. हा झगा घरी शिवलेला आहे, शिवण बघा. ही टोपी लग्नाची, ती चर्चची. मी खरंच थक्क झाले. मला वाटत होतं की पोरं नुसती स्क्रोल करत बसतात. इथे तर माझ्या लेकीच्या वयाची मुलं बाहीच्या कापावरून फोटोचं साल ओळखत होती! आमच्या परळच्या टेलरमास्तरांनी त्यांना लगेच कामाला ठेवलं असतं.

हे फोटो वाटण्याचं वेड तसं नवं नाही. फ्लिकर २००४ साली सुरू झालं, तेही आपल्या कॅनडातल्या व्हँकुव्हरमधून. २००८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसबरोबर त्यांनी 'द कॉमन्स' काढलं आणि मोठमोठ्या संस्था आपले जुने फोटो लोकांसाठी खुले करू लागल्या. आपल्या इथल्या नोव्हा स्कोशिया आर्काइव्ह्जनेही शेकडो जुने फोटो ऑनलाइन ठेवलेत. हॅलिफॅक्सच्या रस्त्यांवरून शंभर वर्षांपूर्वी लोक काय घालून चालत होते, हे घरबसल्या बघता येतं.

पण लेकीचा तो सगळा साठा बघताना मला एक गोष्ट टोचली. शेकडो फोटोंत आपलं माणूस एकही नाही. सगळ्या गोऱ्या बायका, गोरे पुरुष. तिच्या लेखी 'जुनं आणि सुंदर' म्हणजे अमेरिका नाहीतर पॅरिस.

मी कपाटातून अल्बम काढला. आईने मला निघताना दिलेला. काळ्या जाड पानांचा, कोपऱ्यांत फोटो अडकवलेला, मध्ये फुलाफुलांचा पातळ कागद. अकरा वर्षांत मी तो दोनदा उघडला असेल. दोन्ही वेळा मला रडू आलं, म्हणून ठेवून दिला. लेकीला कधी दाखवलाच नव्हता. चूक माझी आहे, हे आधीच कबूल करते.

तिसऱ्या पानावर ती थांबली. स्टुडिओतला फोटो. मागे रंगवलेला पडदा, कमान, खोटी फुलदाणी. एक तरुण मुलगी, ठिपक्याठिपक्यांची साडी, खांद्यावर एक वेणी, हात खुर्चीच्या पाठीवर. नजर अशी, की फोटोग्राफरलाच म्हणतेय, लवकर आटप.

"आई, ही कोण? शी इज सो कूल!"

"तुझी आजी. १९७४."

तिचा विश्वासच बसेना. तिच्या डोक्यातली आजी म्हणजे व्हिडिओ कॉलवर कपाळच फक्त दिसतं ती, आणि "जेवलीस का" विचारते ती.

लेकीने लगेच त्या फोटोचा फोटो काढला आणि कुठल्याशा अ‍ॅपमध्ये टाकला. ब्लॅक अँड व्हाइट फोटो आपोआप रंगीत करून देणारं अ‍ॅप. पाच सेकंदांत साडी निळी झाली. फिकट, आभाळासारखी निळी. चेहरा जरा गुलाबी. लेक खूश झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, म्हणजे मुंबईत संध्याकाळचे सात, आम्ही आईला फोन लावला आणि तो रंगीत फोटो दाखवला. आईने चष्मा लावला, फोन जवळ घेतला, लांब धरला, आणि हसत सुटली.

"निळी कुठली गं? डाळिंबी होती ती! डाळिंबी, आणि पांढरे ठिपके. बॉबी प्रिंट!"

मग जो पाऊस पडला तो पाऊण तास. 'बॉबी' सिनेमा १९७३ साली आला, डिंपलने त्यात ठिपक्यांचा ब्लाउज घातला, आणि त्यानंतर मुंबईत जिकडे तिकडे ठिपकेच ठिपके. दुकानदार त्याला बॉबी प्रिंटच म्हणायचे. आजोबा, म्हणजे माझ्या आईचे वडील, लालबागच्या एका गिरणीत होते. गिरणीच्या दुकानात कामगारांना माल स्वस्त मिळायचा. कुठे छपाई हललेली, कुठे काठाशी डाग. ती साडी तशीच आलेली. ठिपके एका बाजूला जरा सरकलेले होते, म्हणून आईने ती बाजू निऱ्यांत दडपली. फोटो काढायचं कारण? लग्नासाठी स्थळाला पाठवायचा होता. म्हणून ती नजर! "मला नव्हता काढायचा," आई म्हणाली. "पण साडी नवी होती, मग म्हटलं चला."

लेक म्हणाली, "आजी, ठिपके तर अमेरिकन आहेत ना? फिफ्टीजचे?"

आई म्हणाली, "असतील. आम्हाला कुठे माहीत? आमचे ते बॉबीचे."

मंडळी, मला हे उत्तर फार आवडलं. कारण आपण इथे 'आपलं' आणि 'त्यांचं' अशी भिंत बांधत बसतो आणि आपल्या आयांनी ती कधी बांधलीच नव्हती. त्याच अल्बममध्ये माझ्या मावशीचा फोटो आहे, कपाळावर केसांची झालर, साधना कट. 'लव्ह इन सिमला' १९६०चा. साधनाचं कपाळ मोठं दिसतं म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी तिला ऑड्री हेपबर्नसारखे केस कापायला सांगितले, आणि तो कट देशभर साधनाच्या नावाने गाजला. हॉलिवूडची झालर साधनाकडे आली, साधनाकडून परळच्या चाळीत माझ्या मावशीच्या कपाळावर आली. आजीच्या पिढीतल्या फुग्याच्या बाह्यांचे ब्लाउज बघा. त्यातही साहेबाच्या बायकांच्या झग्यांची सावली आहेच. कुणीतरी कुणाचा तरी फोटो बघितला, आवडला, टेलरला दाखवला, "असंच शिवा" म्हटलं. आमच्या मावशीकडे पिंटरेस्ट नव्हतं, फिल्मी मासिकातलं कापलेलं पान होतं. तेवढाच फरक.

म्हणून माझं पहिलं म्हणणं. मुलं फोटो बघून जुनी फॅशन उचलतात यात वाईट काही नाही, वाया जाणंही नाही. आपल्या घरात हेच चालत आलंय. उलट त्यांना म्हणा, तुझ्या बोर्डावर आपलाही एक फोटो ठेव.

पण माझं दुसरं म्हणणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि त्यासाठीच ही पोस्ट.

अ‍ॅपला डाळिंबी माहीत नव्हता. कुठल्याच अ‍ॅपला कळणार नाही. करड्या छटेवरून ते अंदाज बांधतं, लाखो फोटो बघून जो रंग शक्य वाटतो तो भरतं. डाळिंबी आणि निळा, दोन्ही ब्लॅक अँड व्हाइटमध्ये एकसारखेच करडे दिसू शकतात. तो खरा रंग आता जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता, माझ्या आईच्या डोक्यात. आणि आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे.

शिवाय रंगांची नावं बघा. त्या पाऊण तासात आई अल्बमची पानं उलटायला सांगत होती आणि रंग सांगत होती. आमसुली, मोरपिशी, चिंतामणी, अबोली, श्रीखंडी, शेवाळी, विटकरी, मोतिया. माझ्या लेकीला यातला एकही माहीत नव्हता. मला निम्मे. "चिंतामणी म्हणजे कसा?" लेकीने विचारलं. आई म्हणाली, "निळाच, पण मोराच्या मानेजवळचा." आमच्या मराठी शाळेत रविवारी मुलांना लाल, पिवळा, हिरवा, निळा शिकवतात. चांगलंच आहे. पण भाषा अशी शिकली जाते का, जशी त्या दिवशी शिकली गेली? सोळा वर्षांची मुलगी वहीत रंगांची नावं लिहून घेत होती, कारण तिला ते हवे होते.

मग एका पानावर आई गप्प झाली. चौघी बायका, कुठल्यातरी बारशाचा फोटो. आई उजवीकडून दुसरी. "ही साडी कुठली गं माझी?" तिने मलाच विचारलं. बराच वेळ बघितलं. "नाही आठवत. तुझ्या मोठ्या मामीला माहीत असतं." मोठी मामी २०२१ मध्ये गेली.

एवढंच. नाही आठवत. फोन ठेवल्यावर तेच दोन शब्द माझ्या डोक्यात राहिले.

आणखी एक गोष्ट लेकीच्या लक्षात आली, माझ्या नाही. "आई, इथे एकदम गॅप आहे. १९८१ नंतर डायरेक्ट ८५." मी बघितलं. खरंच. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. माझे वडीलही गिरणीतच होते. त्या वर्षांत फोटो काढायला पैसे नव्हते, आणि फोटो काढावा असं काही घडतही नव्हतं. माझी बालवाडी, माझी पहिली, एकही फोटो नाही. मी लेकीला संपाबद्दल कधी सांगितलं नव्हतं. ती सेकंडहँड कोट आणते तेव्हा मला जी लाज वाटते, ती या गॅपमधूनच आलीय, हे त्या दिवशी मला कळलं. आम्ही तीन वर्षं दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घातले होते. तिला हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं, तिला कळायलाच नको.

त्या डाळिंबी साडीचं काय झालं, हेही आईने सांगितलं. ती बोहारणीकडे गेली नाही. त्या संपाच्या काळात तिची गोधडी झाली. आणि ती गोधडी, मंडळी, माझ्याकडे आहे. हॅलिफॅक्सला. इथल्या थंडीत तिचा काही उपयोग नाही, म्हणून गेस्ट बेडच्या खाली. आम्ही दोघी खाली वाकून ती ओढून काढली. मधोमध, चार बोटं रुंद एक पट्टी. विटलेली, पण डाळिंबी. ठिपके एका बाजूला सरकलेले.

आता जरा अवघड भाग. सगळे जुने फोटो असे गोड नसतात.

अल्बम आवडला म्हणून नवऱ्याने त्याच्या घरचे स्कॅन मागवले. त्यात त्याच्या पणजीचा एक फोटो आहे, १९३०-३५च्या आसपासचा. अंगभर एकच गडद वस्त्र, तेच डोक्यावरून घेतलेलं. दागिना नाही, कुंकू नाही, ब्लाउज नाही. चेहरा अतिशय रेखीव. लेक म्हणाली, "किती एलिगंट! इतकं मिनिमल! मी असं ड्रेप करून फोटो काढू?"

नवरा गप्प. मग मीच सांगितलं. ते आलवण आहे. तांबडं असतं. त्या विधवा झाल्या तेव्हा तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या होत्या. पदराखाली केस नाहीत, ते काढलेले आहेत आणि दर काही दिवसांनी काढले जात. ही त्यांची स्टाइल नव्हती, त्यांच्यावर लादलेला वेश होता. आणि हे चुकीचं आहे हे तेव्हा कुणाला कळत नव्हतं असंही नाही. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केस काढणार नाही असं ठरवलं होतं. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला होता. तरी हा फोटो त्यानंतरचा आहे.

लेक बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिली. ड्रेप करायचं तिने पुन्हा काढलं नाही. पण फोटो तिने साठवला, आणि खाली मराठीत लिहिलं, "ही आमची खापरपणजी. हा वेश तिने निवडला नव्हता."

जुन्या फॅशनच्या ऑनलाइन मंडळींत एक हॅशटॅग फिरतो, न्यूयॉर्कचे बँडलीडर डँडी वेलिंग्टन यांनी रुजवलेला. व्हिंटेज स्टाइल, नॉट व्हिंटेज व्हॅल्यूज. थोडक्यात, कपडे जुने घ्या, जुने अन्याय नकोत. आपल्या घरांत हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं. कारण नुसता फोटो बघून दोन्हींतला फरक कळत नाही. तो सांगायला माणूस लागतं. म्हणूनच २०१० साली अनुषा यादव यांनी सुरू केलेला 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' मला फार मोलाचा वाटतो. तिथे लोक घरातले जुने फोटो देतात, पण त्याबरोबर फोटोतल्या माणसाची गोष्टही देतात. नाव, गाव, काय झालं. मुलांना जरूर दाखवा. तिथे साड्या आहेत, सूट आहेत, चष्मे आहेत, केसांचे फुगे आहेत, सगळं आहे. आणि माणसंही आहेत.

आता म्हणाल, एवढं कशाला? जुनं जुनं काय धरून बसायचं? मुलांना त्यांचं जगू द्या.

त्यावर आपल्या हॅलिफॅक्सचीच एक गोष्ट सांगते. इथलं कला विद्यापीठ, नॅस्कॅड, तुम्ही ऐकलं असेल. १८८७ साली ते सुरू करणाऱ्यांत पुढे होती अ‍ॅना लिओनोवेन्स. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवणारी तीच ती बाई, जिच्यावर 'द किंग अँड आय' निघाला. विद्यापीठाच्या आर्ट गॅलरीला आजही तिचं नाव आहे. ही बाई आयुष्यभर सांगत राहिली की माझा जन्म वेल्सचा. खोटं. तिचा जन्म १८३१चा, अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा! लग्न १८४९ साली पुण्यात. आईच्या बाजूने तिच्यात भारतीय रक्त असावं असं चरित्रकार मानतात. त्या काळात गोऱ्यांच्या जगात उभं राहायचं तर हे लपवणं तिला भाग वाटलं असेल. मी तिला नावं ठेवत नाही. एकटी बाई, विधवा, दोन मुलं पदरात. पण तिने ते इतकं पक्कं लपवलं की १९१५ मध्ये ती वारली त्यानंतर साठेक वर्षांनी, १९७०च्या दशकात, संशोधकांनी कागद धुंडाळले तेव्हा कुठे खरं बाहेर आलं.

तिचे फोटो बघा. व्यवस्थित व्हिक्टोरियन मड्डम. आज एखादी मुलगी तो फोटो 'व्हिंटेज इंग्लिश लुक' म्हणून साठवेल, आणि त्यात नगर कुठेही दिसणार नाही.

आपल्याला असं काही लपवायची सक्ती नाही. मग आपण संप का लपवतो? आलवण का लपवतो? गिरणीच्या दुकानातली डागाची साडी का लपवतो? आणि मुलांना काय दाखवतो? गणपतीला भाड्याची किंवा शिवलेली नऊवारी, नकली नथ, पाच फोटो, परत पिशवीत. मुलांना ते नाटकाचे कपडे वाटतात, आणि खरं सांगायचं तर ते असतातही तसेच. माझ्या आजीची नऊवारी नाटकाची नव्हती. ती ती नेसून नळावर पाणी भरायची. हा फरक मुलांना कळतो. आपल्यालाच कळत नाही.

तर माझी विनंती. फार मोठं काही नाही.

पुढच्या फोनवर आईला, सासूबाईंना, काकूला, आत्याला एक जुना फोटो दाखवा आणि चारच गोष्टी विचारा. रंग कुठला होता? कापड कुठून आलं? शिवलं कुणी? आणि फोटो काढला त्या दिवशी काय होतं? "लहानपणीचं काहीतरी सांग" असं म्हटलं की त्या म्हणतात, "काय सांगू, काही नाही." पण साडीचा रंग विचारला की अख्खं घर उघडतं. बाबांना, काकांनाही विचारा. बेलबॉटम, सफारी सूट, टेरिलिनचे शर्ट, मोठ्या कॉलरी. पुरुषांच्या हौशी काही कमी नव्हत्या, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. आणि मुलाला तिथे बसवा. विचारू दे त्यालाच. आपल्याला उत्तर देताना त्या अर्धं गाळतात. नातवंडाला सगळं सांगतात.

सांगितलेलं लगेच लिहा. जुन्या जाड कागदाच्या फोटोमागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन नको, ते पुढे उमटतं. गुळगुळीत प्लास्टिकसारख्या कागदावर पेन्सिल चालत नाही, तिथे पाकिटावर लिहा. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो अडकले असतील तर ओढू नका, पानासकटच फोटो घ्या. स्कॅन करायचं तर सहाशे डीपीआयवर करा. घरी स्कॅनर नसेल तर गावच्या लायब्ररीत विचारा, बऱ्याच ठिकाणी सोय असते.

आणि ऑनलाइन टाकण्याआधी फोटोतल्या हयात माणसाला विचारा. हे मुलांनाही शिकवा. माझ्या आईने ठिपक्यांच्या साडीला परवानगी दिली. दुसऱ्या एका फोटोला म्हणाली, "तो नको, त्यात मी रडलेली आहे." आम्हाला तोपर्यंत दिसलंच नव्हतं. तो फोटो घरातच आहे.

ज्यांच्याकडे जुने फोटोच नाहीत त्यांनाही सांगते. स्टुडिओत जाणं सगळ्यांना परवडत नव्हतं. कुणाचे पुरात गेले, कुणाचे घर बदलताना गेले. फोटो नसला तरी रंग विचारता येतो. "तुझ्या लग्नातली साडी कुठल्या रंगाची होती?" याला फोटो लागत नाही.

कोट अजून आहे. माझी तक्रार संपली, असं मी म्हणणार नाही, उसवलेलं अस्तर मला अजून टोचतं. मागच्या आठवड्यात लेक म्हणाली, "आई, अस्तर शिवून देशील? आणि आत थोडे ठिपके लावू या का? गोधडी कापायची नाही, तसलं कापड शोधू." मी म्हटलं, शोधू. डाळिंबी ठिपके हॅलिफॅक्समध्ये अजून मिळालेले नाहीत. ऑनलाइन जे मिळतात ते सगळे लाल आहेत. दुकानवाल्यांना फरक कळत नाही. लेकीला आता कळतो.

तुमच्या आईच्या लग्नातली साडी कुठल्या रंगाची होती? कमेंटमध्ये लिहा. माहीत नसेल तर कमेंट नंतर करा, आधी फोन करा. फक्त तिथे किती वाजलेत ते बघून.